फिशटँकची दिवाळी

पंखे पुसून झाले, डबे-बरण्या घासून झाल्या आणि दिवाळीची साफसफाई मावशीच्या घरातल्या फिशटँकपर्यंत आली. गोल्डफिश बादलीत गेले. खडे उकळून काढले, फिल्टरचा काळपट स्पंज नळाखाली स्वच्छ होईपर्यंत पिळला, काचा घासल्या आणि नळाचंच ताजं पाणी भरलं. टाकी लखलखली. फराळ संपायच्या आत मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले आणि एकेक करून गेले. दुकानदाराने औषधाचे निळे थेंब दिले होते. पण माशांना रोग नव्हताच. त्यांच्या वस्तीचं मलनिःसारण खातंच धुऊन निघालं होतं.

मासा अमोनिया सोडतो तो मुख्यतः कल्ल्यांवाटे. उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. स्पंजावर आणि खड्यांवर जो बुळबुळीत थर धरतो, त्यातले काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पिरासारखे दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइट रक्तात गेलं की हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहता येत नाही, रक्त तपकिरी होतं. मग एअर पंप चालू असला तरी मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य. ते साचू नये म्हणून पाणी बदलायचं. नव्या टाकीत ही जिवाणूंची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मावशीकडे ती एका दुपारीत उकळली गेली, आणि उरलीसुरली नळाच्या क्लोरीनने मारली. तेच क्लोरीन कल्लेही भाजतं.

गोल्डफिश अल्पायुषी, ही समजूत अशाच टाक्यांनी रुजवली असावी. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ पर्यंत जगला.

दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं तर बहुतेक घरगुती टाक्यांना पुरतं. भरायचं पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं. मात्र पाण्यात क्लोरामाइन असेल तर ते असं उडत नाही. तिथे दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन घालावंच लागतं. नवं पाणी हाताला टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट किंवा गार लागलं पाहिजे. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच, तोही हलक्या हाताने. साबण अजिबात नको.

आळसाने होणारं नुकसान मात्र जास्त फसवं. महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाकीत मासे मजेत दिसतात. जिवाणूंच्या कामातून आम्ल तयार होत राहतं, पाण्यातले कार्बोनेट संपतात, पीएच घसरतो. जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साचू लागतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो जवळपास सगळा अमोनियमच्या कमी विषारी रूपात असतो. एका रविवारी उत्साहाने अर्धी टाकी बदलली, की पीएच वर उसळतो. पंचवीस अंश तापमानाला पीएच ७ असताना या साठ्यातला एक टक्काही विषारी अमोनिया नसतो. पीएच ८ ला तो पाच टक्क्यांच्या आसपास जातो. मासे तासाभरात तडफडतात, आणि ठपका नव्या पाण्यावर येतो.

अशी टाकी वाट्याला आली तर आधी अमोनिया आणि पीएच तपासावा. मग रोज दहावा हिस्सा, तेवढंच पाणी बदलत जावं, आणि आकडे जागेवर येईपर्यंत खाणं निम्म्यावर आणावं.