परिचारिकेचें मन कां थकतें?

आमच्या शिरवण्याच्या वर्गांत एकदां ‘माझी आई’ या विषयावर निबंध लिहावयास दिला होता. एका मुलीनें त्यांत लिहिलें होतें कीं, आई रुग्णालयांतून घरीं आली म्हणजे अर्धा तास कोणाशीं बोलत नाहीं. आम्हीहि तिला बोलवीत नाहीं. त्या वाक्याखालीं तांबड्या शाईची खूण करण्याजोगें कांहीं नव्हतें. पण तें माझ्या मनांतून गेलें नाहीं. त्या अर्ध्या तासाचा अर्थ काय असावा, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींस सांगावें, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

थकवा दोन प्रकारचा असतो. बारा तास उभें राहून पाय दुखतात, तो शरीराचा थकवा. झोंप झाली कीं तो उतरतो. दुसरा झोंपेनें उतरत नाहीं. न्यूयॉर्क येथील हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर या मानसशास्त्रज्ञानें मोफत दवाखान्यांत काम करणाऱ्यांची स्थिति पाहून इ. स. १९७४ मध्यें त्यावर लेख लिहिला. जे अधिक तळमळीचे, तेच याला अधिक बळी पडतात, असें त्याचें निरीक्षण होतें. याला ‘बर्नआउट’ म्हणतात. तेल संपल्यावर दिव्याची वातच जळूं लागावी, तशी ही अवस्था. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं तिची नोंद केली ती रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचें फळ म्हणून. हा भेद महत्त्वाचा आहे. कारण त्यामुळें दोष थकणाऱ्या माणसाच्या माथीं न मारतां त्याच्या कामाच्या व्यवस्थेकडे पाहावें लागतें.

या थकव्याच्या मुळाशीं पुष्कळदां आणखी एक गोष्ट असते. अँड्र्यू जेमटन या अमेरिकन तत्त्वज्ञानें १९८४ सालीं परिचारिकांच्या व्यवसायनीतीवरील ग्रंथांत तिला नैतिक ताण असें नांव दिलें. काय करावें हें न समजणें हा पेच झाला. काय करणें उचित आहे हें पुरतें समजत असून नियमामुळें, माणसांच्या तुटवड्यामुळें किंवा वरिष्ठांच्या आज्ञेमुळें तें हातून न घडणें, हा नैतिक ताण.

कोरोनाच्या सांथींत हें आपण जवळून पाहिलें. जेथें आपण हौसेनें प्रदर्शनें पाहावयास जात असूं, त्या वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रांत २०२० सालीं खाटांच्या रांगा लागल्या. आमची एक माजी विद्यार्थिनी त्या काळांत अन्यत्र एका रुग्णालयांत परिचारिका होती. तिनें मला सांगितलेली एक रात्र अशी: एक वृद्ध गृहस्थ शेवटच्या घटका मोजीत मुलाला बोलावीत होते. मुलगा खालीं फाटकापाशीं उभा होता. पण त्याला वर येऊं देण्याची मनाई होती. तो नियम चुकीचा होता असेंहि नाहीं. हिनें आपला मोबाइल त्या गृहस्थांच्या डोळ्यांपुढें धरला. बापलेकांचें बोलणें सुरू झालें न झालें, तोंच पलीकडच्या खाटेवरील रुग्णाचा श्वास अडखळूं लागला, आणि बोलणें अर्ध्यावर तोडून तिला तिकडे धांवावें लागलें. ती म्हणाली, “सर, मी कांहींच चुकलें नाहीं. तरी तो मोबाइल मीं काढून घेतला, हें विसरतां येत नाहीं.” पुढें पुढें ती रुग्णांचीं नांवें घेईनाशी झाली, “चौदा नंबर गेला” असें बोलूं लागली. ऐकणाराला हा निष्ठुरपणा वाटेल. मला वाटतें, सोसण्यापलीकडे गेलेलें मन आपल्या बचावासाठीं दगड होऊं पाहतें. तिनें ती नोकरी सोडली. अजून ती त्या कामावर परत गेलेली नाहीं.

२१ एप्रिल २०२१ रोजीं नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयांत प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला व त्या दिवशीं २२ रुग्ण दगावले. तेथील परिचारिकांच्या हातांत कौशल्य होतें, नळींत प्राणवायु नव्हता. अशा दिवसाचा हिशेब हजेरीपटावर कोठेंच लिहिला जात नाहीं.

मग सेवा जितकी दीर्घ, तितका हा थकवा अधिक, असें समजावें काय? परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील हकीकत वेगळें सांगते. तेथील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं त्याच रुग्णालयांत एका सफाई कामगारानें अमानुष हल्ला केला. मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणास खिळल्या. तेव्हांपासून १८ मे २०१५ रोजीं त्यांचा अंत होईपर्यंत, सुमारें ४२ वर्षें, तेथील परिचारिकांनीं त्यांची शुश्रूषा केली. ज्यांनीं त्यांना निरोगी असतांना पाहिलें होतें त्या निवृत्त झाल्या, आणि ज्यांचा त्या वेळीं जन्महि झाला नव्हता अशा मुलींनीं तें काम हातीं घेतलें. इतक्या वर्षांत अंगाला शय्याव्रण होऊं दिलें नाहीं, याचा त्यांना सार्थ अभिमान होता. त्यांना तेथून हलविण्याची भाषा निघाली, तेव्हां परिचारिकांनीं विरोध केला. पुढें पिंकी विराणी यांनीं, हें जीवन लांबवूं नये, अशी याचिका केली. सर्वोच्च न्यायालयानें ७ मार्च २०११ रोजीं ती फेटाळली व अरुणाताईंच्या बाबतींत बोलण्याचा अधिकार के. ई. एम.च्या सेवकवर्गाचा आहे असें मानलें. त्या वादांत दयेचा मार्ग कोणता होता, यावर विचारी माणसांचें आजहि एकमत नाहीं, आणि तो या लेखाचा विषयहि नव्हे. त्या परिचारिका कधीं थकल्या नसतील, असेंहि मी म्हणत नाहीं. परंतु जें त्यांना योग्य वाटलें तें त्यांना करतां आलें. तें ओझें एकीच्या खांद्यावर न राहतां पिढ्यांत वांटलें गेलें. आणि आड येणाऱ्याला ‘नाहीं’ म्हणण्याचें बळ त्यांच्या एकजुटींत होतें. माझ्या मतें सारा फरक येथें आहे.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण प्रार्थनेच्या तासाला ऐकतों. जखमीला धर्मशाळेंत पोंचवून, दोन नाणीं देऊन तो आपल्या वाटेनें गेला. रात्री उठून पाणी देणारा, घाव धुणारा तो धर्मशाळेचा रखवालदार मात्र कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं! त्याच्याकडे त्या रात्रीं आणखी किती जखमी होते, हेंहि कोणी विचारीत नाहीं.

नियम नाहींत असें नाहीं. शिकाऊ निवासी डॉक्टरांस सामान्यतः सलग १२ तासांहून अधिक काम देऊं नये, असें केंद्र सरकारनें १९९२ सालींच ठरविलें आहे. ज्यांच्या घरीं असा डॉक्टर आहे, त्यांनीं त्यालाच विचारून पाहावें. डॉक्टर व परिचारिकांवर हात टाकणाऱ्यास शिक्षा देणारा महाराष्ट्राचा कायदा २०१० सालचा आहे. तरीहि मार्च २०१७ मध्यें धुळ्यास एका निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाली, आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून दूर राहिले. त्या दिवसांत रुग्णांचे हाल झाले हें खरें. पण ज्या हातांनीं टांके घालावयाचे, तेच हात भीतीनें कांपत असतील तर काय करावें?

परवां पालकसभेस त्या निबंध लिहिणाऱ्या मुलीची आई आली होती. मीं निबंधाचा विषय काढला नाहीं. मुलीच्या गणिताविषयीं बोलणें झाल्यावर ती आपण होऊन म्हणाली कीं, अलीकडे त्यांच्या विभागांत एखादा रुग्ण दगावला म्हणजे चहाच्या वेळीं सगळ्याजणी एकत्र बसतात, आणि त्याचें नांव घेऊन बोलतात. घरचा अर्धा तास आतां दहा मिनिटांवर आला आहे.