तळ्यात साचणारे खत

शेतास दिलेले खत मुळांशी न राहता पाण्याबरोबर वाहून गेले, तर ते कोठे जाते? स्वारगेटजवळून वाहणारा आंबिल ओढा शहराचे सांडपाणी घेऊन मुठेस मिळतो, मुळा-मुठा पुढे भीमेस मिळते, आणि हे सारे पाणी अखेर १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणात थांबते. वाटेत उसाच्या मळ्यांतून निसटलेले नत्र व स्फुरद त्यात मिसळतात. शहराचा दोष मोठा आहे; परंतु आपला वाटाही नाकारता येत नाही.

साचलेल्या पाण्यात ही द्रव्ये शेवाळ व जलपर्णी यांचे खाद्य होतात. ती मेली की तळाशी कुजतात, पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे गुदमरतात. प्राणवायूविना कुजण्यातून मिथेन वायू बुडबुड्यांनी वर येतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने उष्णता रोखण्यात तो कर्बद्विप्राणिद वायूच्या सुमारे २८ पट प्रबळ आहे. नत्राच्या काही अंशापासून होणारा नायट्रस ऑक्साइड तर सुमारे २७३ पट!

युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात नत्र सुमारे २०.७ किलो असते. पीक हिरवेगार दिसते म्हणून हात सैल सुटतो, हे आम्ही नित्य पाहतो. माती तपासून मात्रा ठरवावी, ती हप्त्यांनी विभागून मातीआड द्यावी, वर मोकाट पाणी सोडू नये. ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखावा. काढलेली जलपर्णी काठावरच टाकल्यास पहिल्या पुराबरोबर ती पुन्हा पाण्यात जाते, म्हणून ती दूर नेऊन टाकावी.