चाचणी, परीक्षा आणि मूल्यमापन : काही इंग्रजी शब्दांतील भेद

गेल्या सहामाहीत एक पालक पाल्याची उत्तरपत्रिका घेऊन आमच्याकडे आले. गणिताच्या घटक चाचणीत मुलाला २५ पैकी ९ गुण मिळाले होते. ‘सर, ह्याची किंमत कळली,’ असे ते मुलासमोरच म्हणाले. मुलाने मान खाली घातली. चाचणी झाली होती एका प्रकरणाची. किंमत मात्र ठरली मुलाची! शब्दांच्या अशा गल्लतीतून मने दुखावतात. म्हणून या विषयातील काही इंग्रजी शब्द आपण पारखून पाहू.

‘टेस्ट’ हा शब्द ‘मातीचे भांडे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. सोन्यारुप्याचा कस पाहण्यासाठी ते अशा भांड्यात तापवीत. आपली ‘कसोटी’ही सोनाराच्या काळ्या दगडावरूनच आली आहे. टेस्ट म्हणजे एखाद्या ठरावीक भागाची चाचणी.

‘एक्झॅमिनेशन’चे मूळ तराजूच्या काट्यात आहे. आपल्या ‘परीक्षा’ शब्दाचा मूळ अर्थ सर्व बाजूंनी पाहणे. वर्षभराचा अभ्यास रीतसर तपासला जातो, तेव्हा हा शब्द योजावा. ‘क्विझ’ त्याहून हलकी. अमेरिकेत वर्गातील छोट्या चाचणीस क्विझ म्हणतात. आपल्याकडे बहुधा प्रश्नमंजूषेस.

‘असेसमेंट’च्या मुळाशी ‘शेजारी बसणे’ असा अर्थ आहे. न्यायाधीशाशेजारी बसून साहाय्य करणाऱ्यास ‘असेसर’ म्हणत. करआकारणीसही इंग्रजीत हाच शब्द आहे. शाळेत मात्र त्याचा अर्थ असा : चाचण्या, वह्या, तोंडी उत्तरे, प्रयोग यांवरून विद्यार्थ्यास काय येते व काय राहिले याचा अंदाज घेणे.

‘इव्हॅल्युएशन’ म्हणजे मूल्यमापन. जमलेल्या माहितीवरून गुणवत्तेविषयी निर्णय करणे हे त्याचे कार्य. अभ्यासक्रमाच्या मूल्यमापनाविषयी लिहिताना १९६७ साली तत्त्वज्ञ मायकेल स्क्रिव्हन यांनी त्याचे दोन प्रकार सांगितले : काम चालू असतानाच सुधारणेसाठी होणारे ते ‘फॉर्मेटिव्ह’, आणि शेवटी होणारे ते ‘समेटिव्ह’. मराठीत यांस आकारिक व संकलित मूल्यमापन म्हणतात.

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतात; आमच्या कोंकणीतही तसेच. इंग्रजीत याच्या उलट! तेथे विद्यार्थ्यासाठी ‘टेक’ आणि शिक्षकासाठी ‘गिव्ह’ हे क्रियापद येते. ‘आय गेव्ह अ टेस्ट’ असे लिहाल, तर इंग्रज वाचक तुम्हांलाच शिक्षक समजेल.

आता त्या मुलाकडे वळू. आम्ही त्याच्या शेजारी बसून उत्तरपत्रिका पुन्हा वाचली. रीत त्याला नीट येत होती. कंस सोडवताना उणे चिन्हे तेवढी चुकत होती. पंधरा दिवस रोज पाच उदाहरणे सोडवावीत, असे ठरले. वडीलही ऐकत होते. निघताना त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

पालकांनी गुणांचा आकडा अवश्य पाहावा. परंतु तो एका दिवसाच्या चाचणीचा आहे, मुलाचे मोल नव्हे, हे विसरू नये.