मुलगी आईकडे, वडिलांनी भेटायचं कसं?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको वेगळे राहतो. चार वर्षांची मुलगी पत्नीकडे आहे. पत्नी मला तिला भेटू देत नाही. घटस्फोटाचा दावा झालेला नाही. काय करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : दाव्यासाठी थांबू नका. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली, मुलगी राहते तिथल्या कौटुंबिक न्यायालयात, ते नसेल तर जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. त्यातच अंतरिम भेटीची मागणी करा.

हिंदू कायद्यानुसार पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सहसा आईकडे राहतो. म्हणून सध्या ताब्यापेक्षा भेटीवर भर द्या. भेटीचं वेळापत्रक लेखी द्या : कोणता वार, किती तास, आणायला-सोडायला कोण, सणावारी काय, व्हिडिओ कॉल कधी. मोघम मागणीवर वाद वाढतात.

त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाव्यापूर्वीच्या मध्यस्थीसाठी अर्ज करून पाहा. १९८७ च्या कायद्यानुसार महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तुम्हाला सहसा उत्पन्नमर्यादा लागू होईल.

मुलीचा खर्च बँकेतूनच पाठवत राहा. आणि तिला शाळेतून परस्पर उचलून आणू नका. न्यायालय मुलीचं हित पाहतं, तिथे हे तुमच्यावरच उलटेल.