युरोपच्या जुन्या नकाशात आपले तेर

मध्ययुगीन युरोपचा सचित्र ऐतिहासिक नकाशासंग्रह चाळताना जगाचे दोन तऱ्हेचे नकाशे दिसतात. इ. स. १३०० च्या सुमाराचा इंग्लंडमधील हेरेफर्डचा नकाशा वर्तुळाकार आहे. त्यात मध्यभागी जेरुसलेम आणि वरच्या बाजूला पूर्व दिशा आहे. पंधराव्या शतकातील नकाशांवर मात्र अक्षांश-रेखांशांचे जाळे दिसते. हा बदल कशामुळे झाला?

इ. स. १५० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने हजारो गावांचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवले होते. १४०६ च्या सुमारास त्याच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले. १४७७ साली इटलीत बोलोन्या येथे त्याचे नकाशे छापले गेले. या ग्रंथातील भारताच्या यादीत पैठण आहे आणि 'तगर'ही आहे. तगर म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातील, वाशीच्या आग्नेयेस असलेले तेर!

पण टॉलेमीने तगर पैठणच्या ईशान्येस दाखवले. प्रत्यक्षात तेर आहे आग्नेयेस. टॉलेमी भारतात आला नव्हता. रेखांश मोजण्याचे सोपे साधनही त्या काळी नव्हते. प्रवाशांनी सांगितलेल्या अंतरांवर व दिशांवर त्याची बरीच भिस्त होती.

या चुकीमुळे तगरविषयी वाद झाला. कोणी जुन्नर म्हणाले, कोणी दौलताबाद. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर हे दाखवून दिले.

त्याची पडताळणी आपणही करू शकतो. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचहून पैठण २० दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेस तगर १० दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. तगरहून कापड गाड्यांतून भडोचला जाई. आजच्या नकाशावर भडोच-पैठण सरळ अंतर सुमारे ३५० किलोमीटर, तर पैठण-तेर सुमारे १५० किलोमीटर भरते. म्हणजे रोजची चाल अनुक्रमे साडेसतरा व पंधरा किलोमीटर येते. दोन्ही आकडे बैलगाडीला शोभणारे आहेत आणि एकमेकांशी जुळतातही!

नकाशा छापील आहे म्हणून तो बरोबरच असतो, असे नाही. त्यातील माहिती दुसऱ्या पुराव्याशी ताडून पाहावी लागते.

करून पाहा : जिल्ह्याच्या नकाशावर वाशी ते तेर अंतर दोऱ्याने मोजा. नकाशाच्या प्रमाणावरून त्याचे किलोमीटर काढा. रोज १५ किलोमीटर चालणाऱ्या बैलगाडीला तेथे पोहोचण्यास किती दिवस लागतील? तेरच्या संग्रहालयात गेलात, तर रोमशी असलेल्या व्यापाराच्या खुणाही अवश्य शोधा.