चिलखती मासा

रणांगणावर जाणारा योद्धा पूर्वी अंगावर चिलखत चढवीत असे आणि युद्ध संपले म्हणजे ते उतरवून ठेवीत असे. परंतु दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत असा एक मासा आहे, की जो जन्मभर चिलखत घालूनच वावरतो. मांजरासारख्या मिशा असणाऱ्या माशांना मार्जारमीन म्हणतात. आपल्याकडील शिंगाळा हा त्यांपैकीच एक. शिंगाळ्याचे अंग मऊ व बिनखवल्यांचे असते. त्याच्या या दूरच्या भाईबंदाचे अंग मात्र हाडांच्या कठीण पट्ट्यांनी मढविलेले असते. म्हणूनच शास्त्रज्ञांनी त्याच्या कुलाला ‘लोरिकॅरिइडी’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लोरिका’ म्हणजे चिलखत.

मार्जारमीनांत याहून मोठे कुल दुसरे नाही. त्यातील ज्ञात जातींची संख्या हजाराच्या घरात जाते. काही जाती बोटाएवढ्या, तर काही अर्ध्या मीटरहूनही लांब असतात. कोणी काडीसारखे सडपातळ, कोणी रुंद डोक्याचे, तर कोणाच्या अंगावर ठिपके वा पट्टे असतात.

या माशाचे तोंड खालच्या बाजूस असून ओठ वाटोळे, वाटीसारखे असतात. पाण्याची ओढ कितीही जोराची असली, तरी या ओठांनी तो खडकाला घट्ट चिकटून राहतो. नवल असे, की तोंड चिकटलेले असतानाही त्याचा श्वास अडत नाही. बारीक दातांनी तो दगडांवरील शेवाळ खरवडून खातो. असले निकस अन्न पचविण्यास वेळ लागतो. म्हणून त्याचे आतडे शरीराच्या कितीतरी पट लांब असून ते पोटात वेटोळे घालून बसलेले असते. काही जाती तर पाण्यात पडलेली लाकडे कुरतडतात आणि कुजलेल्या लाकडातून मिळणाऱ्या अन्नावर गुजराण करतात.

उन्हाळ्यात डबकी आटू लागली, की पाण्यातील प्राणवायू कमी होतो. इतर मासे तडफडू लागतात. अशा वेळी या कुलातील अनेक मासे पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतात. त्यांच्या जठराच्या पातळ भित्तीत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. तेथे हवेतील प्राणवायू रक्तात मिसळतो. जे जठर अन्न पचविते, तेच संकटकाळी फुप्फुसाचे काम करते!

पिलांच्या बाबतीतही हा मासा दक्ष असतो. काही जातींचे नर नदीच्या दरडीत खोल बिळे खणतात. मादी तेथे अंडी घालून निघून जाते. त्यांची राखण मात्र नर करतो. परांनी वारा घालावा तसे तो पाणी हलवितो व अंड्यांना ताजे पाणी पुरवितो.

अॅमेझॉनच्या काठच्या लोकांना हा मासा फार प्रिय आहे. ते तो अख्खाच निखाऱ्यावर भाजतात. त्याचे चिलखत हेच त्याचे भांडे होते. मासा शिजवून, त्याचे मांस सोडवून व भाजून ते कोरडे पीठही करतात. त्याला ‘पिराकुई’ म्हणतात. तेथील जुन्या भाषेत ‘पिरा’ म्हणजे मासा आणि ‘कुई’ म्हणजे पीठ. हे पीठ पुष्कळ दिवस टिकते.

शेवाळ खाऊन काच स्वच्छ ठेवणारा म्हणून शोभेच्या मत्स्यपात्रांत या माशाला मोठी मागणी आली आणि तेथूनच त्याची दूरदेशची यात्रा सुरू झाली. विकत घेताना बोटाएवढे असलेले पिलू पाहता पाहता हातभर वाढते. मग कंटाळलेला मालक त्याला जवळच्या तळ्यात सोडून देतो. त्याला ती दया वाटते. तळ्यावर मात्र संकट ओढवते. परक्या पाण्यात या माशाला खाणारे शत्रू थोडे. चिलखतामुळे जाळी फाटतात, बिळांमुळे काठ ढासळतात आणि स्थानिक माशांच्या तोंडचा घास हिरावला जातो. मेक्सिकोतील इन्फिएर्निय्यो जलाशयातील मच्छीमारांना याचा कडू अनुभव आला. भारतातही केरळातील जलाशयांत व कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ भागांत त्याने ठाण मांडले असून, 2020 साली तो वाराणसीजवळ गंगेतही सापडला.

त्याच कुलातील एका भावंडाची कथा मात्र उलट आहे. ब्राझीलमधील शिंगू नदीच्या एका मर्यादित भागातच राहणारा, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा एक छोटा मासा शास्त्राला 1991 साली परिचित झाला. त्याच्या रूपाला भुललेल्या शौकिनांसाठी तो इतका पकडला गेला, की ब्राझीलला त्याच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. 2016 साली त्याच नदीवरील बेलो मोंते धरणाचे वीजकेंद्र सुरू झाले आणि धरणाने तिचा प्रवाह बदलल्यामुळे त्याचे घरही धोक्यात आले.

एक मासा परक्या घरी उपद्रवी ठरला, दुसरा स्वतःच्या घरी दुर्मिळ झाला. दोष दोघांचाही नाही. जे चिलखत अॅमेझॉनच्या पाण्यात त्याचे रक्षण करते, तेच दुसऱ्या पाण्यात इतरांच्या नाशाला कारण होते. प्रत्येक जीवाचे गुण त्याच्या स्वतःच्या स्थानी शोभतात. ते स्थान हलविण्यापूर्वी माणसाने दहादा विचार करावा. मासा पाळणे हा निर्दोष छंद आहे. परंतु पाळलेला मासा नदीत किंवा तळ्यात कधीही न सोडणे, हे त्या छंदाचे पहिले कर्तव्य होय.