वाढत्या मुलांचं वजन आणि आपली जीभ



या वेळचा पाठ आई-वडील, आजी-आजोबा, आत्या-मावशी अशा सगळ्यांसाठी आहे. घरात १० ते १९ वर्षांचं मूल असेल तर रात्री जेवणं झाल्यावर एकत्र बसून वाचावा, ही विनंती.

सुरुवात माझ्याच चुकीनं करते. गणपतीला भाऊ-वहिनी बेळगावहून आमच्याकडं निपाणीला आले होते. भाची नववीत. दारातच मी म्हणाले, "अगं बाई, किती सुटलीयस गं! आता दार मोठं करून घ्यायला पाहिजे." सगळे हसले, तीही हसली. मी ते लगेच विसरूनही गेले.

थोड्या दिवसांनी कळलं, तिनं गुरुवारचा उपवास धरलाय. मग सोमवारही धरला, शनिवारही. फॅमिली ग्रुपवर मीच लिहिलं, "या वयात केवढी श्रद्धा!" खाली सगळ्यांनी हात जोडले. दिवाळीच्या आधी ती शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८. त्या वयात ते निदान १२ तरी पाहिजे. मी भेटायला गेले तेव्हा हळूच म्हणाली, "आत्या, उपवास देवासाठी नव्हता गं. तूच म्हणालीस ना, दार मोठं करायला पाहिजे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यानंतर डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजलं, ते तुमच्यासमोर ठेवते.

*१. या वयात अंग भरणारच*
मुलींची वाढ साधारण १० ते १४ या वयात जोरात होते, मुलांची दोनेक वर्षं उशिरा. पुष्कळ मुलांचं आधी अंग भरतं आणि मग उंची सुटते. पाळी सुरू होण्याच्या काळात मुलींच्या कंबरेवर, मांड्यांवर चरबी वाढते, ती शरीराला हवीच असते. म्हणून वाढत्या मुलाचं वजन जास्त असलं तरी बऱ्याचदा ते घटवायचं नसतं. ते आहे तिथं राहू द्यायचं आणि उंची वाढू द्यायची, असं डॉक्टर सांगतात.

*२. मोबाइलवरचा बीएमआयचा तक्ता मुलांना लावू नका*
वजनाला उंचीच्या वर्गानं भागायचं, हे गणित ॲडॉल्फ केटले या बेल्जियमच्या गणितज्ञानं १८३० च्या दशकात मांडलं. तेही लोकसमूहाचा अभ्यास करण्यासाठी, एकेका माणसाला तोलण्यासाठी नव्हे. मोठ्यांचे आकडे मुलांना लागू पडत नाहीत. मुलांसाठी वय आणि मुलगा-मुलगी बघून वेगळे तक्ते असतात. बालरोगतज्ज्ञांकडं ते आहेत, त्यांनाच बघू द्या.

*३. उपाशी राहणं हा उपाय नाही*
दिवसभर पोट मारलं की संध्याकाळी हाताला येईल ते खाल्लं जातं. त्यात आपल्या मुलींच्या अंगात रक्त आधीच कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० मुलींपैकी ५९ जणींना ॲनिमिया आढळला. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी त्यासाठीच असते, ती पिशवीत राहू देऊ नका.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी सांगितलंच आहे, अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. तेव्हा वाढत्या मुलीनं एकदम उपवास धरले तर कौतुक करण्याआधी जवळ बसवून कारण विचारा. आणि उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी न् बटाट्याचे चिप्स असतील, तर वजनालाही त्याचा काही उपयोग नाही.

*४. बदल सगळ्या घरानं करायचा*
एकट्या मुलीच्या ताटातला भात काढून घेतला आणि बाकीचे वडे खात बसले, तर ती शिक्षाच झाली की. आपलं जेवण मुळात चांगलं आहे. जोंधळ्याची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, ताक, शेंगदाण्याची चटणी, सकाळी नाचण्याची आंबील, खाणाऱ्यांना अंडं. पालेभाजीवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा घेतला की ते वाया जातं. कुंदा सणाला खुशाल खावा. थंड पेयाच्या ३०० मिलीच्या बाटलीत मात्र साधारण ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. लेबलवर लिहिलेलं असतं, मुलांनाच वाचायला सांगा.

रोज तासभर घाम येईल असं खेळणं किंवा चालणं आणि रात्री ८ ते १० तास झोप, दोन्ही तितकंच महत्त्वाचं. रात्री मोबाइल उशाशी नको. हा नियम आई-बाबांनाही लागू!

*५. अंगावरून बोलणं बंद*
"जाडी", "काडी पैलवान", "काळी पडलीस", यातलं काहीच नको. बारीक मुलंही हे ऐकून पावडरीचे डबे आणायला लागतात. त्याऐवजी शरीर काय करू शकतं ते बोला. आपल्या बेळगावजवळच्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात ५२ किलो गटात कांस्यपदक आणलं. असल्या खेळात हलक्या अंगालाही गट असतो आणि भारी अंगालाही. आपल्या घरातही सगळ्या अंगांना जागा असावी.

*डॉक्टरांकडं कधी जावं?*
• वजन एकदम वाढलं किंवा उतरलं
• सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही
• जेवणानंतर मूल उलटी काढतंय किंवा जेवण लपवतंय
• मानेवर काळा, मखमलीसारखा जाड पट्टा दिसतोय (तो मळ नसतो, घासू नका, साखरेची तपासणी करून घ्या)
• चक्कर, सतत थकवा, लोकांत जायचं टाळणं

*या आठवड्याचा गृहपाठ*
१. सात दिवस घरात कुणाच्याही अंगावरून बोलायचं नाही, स्वतःच्याही नाही. आई आरशासमोर "मी किती जाड झाले" म्हणते, ते मुलगी ऐकत असते.
२. दिवसातलं एक जेवण सगळ्यांनी एकत्र, टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवून.
३. रोज जेवणानंतर मुलांबरोबर एक फेरी.

भाची आता बरी आहे. गोळ्या नीट घेते, संध्याकाळी मैत्रिणींबरोबर खो-खोला जाते. मी तिची माफी मागितली, सगळ्यांसमोर, कारण बोलले होते तेही सगळ्यांसमोरच. ती म्हणाली, "असू दे गं आत्या." पण पुढच्या वेळी ती दारात आली तेव्हा क्षणभर थांबून माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हटलं, "ये बाळ, हातपाय धू, भाकरी गरम आहे."

तुमच्या घरात असं काही घडलं असेल तर मला वैयक्तिक मेसेज करा. मुलांची नावं ग्रुपवर नकोत.

सद्गुरुचरणी प्रार्थना, आपल्या मुलांना सुदृढ शरीर आणि आपल्याला गोड वाणी लाभो 🙏